परदेशी कर्मशाळा-यंत्रे आणि भारतीय वीजपुरवठा : दाब व वारंवारता यांचा मेळ

परदेशातून आलेले एखादे लेथ, ड्रिलिंगचे यंत्र किंवा वेल्डिंगचा संच कर्मशाळेत दाखल होतो, तेव्हा त्याच्या यांत्रिक अंगांची पाहणी कसून केली जाते. पाया भरला जातो, पातळी साधली जाते, वंगण घातले जाते. विद्युत् अंगाकडे मात्र पुष्कळदा एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते, की व्होल्टचा आकडा जुळला म्हणजे काम झाले. ही समजूत अपुरी आहे व प्रसंगी घातक ठरते. अमेरिकन बनावटीची २३० व्होल्टची मोटर आणि भारतीय बनावटीची २३० व्होल्टची मोटर यांच्या नामपट्टीवर दाबाचा आकडा एकच असला, तरी त्या दोन मोटरी एक नव्हेत. पहिली मोटर येथील २३० व्होल्टवर जोडली असता ती फिरू लागते, काही काळ बरे कामही करते आणि पुढे तापून जळते. दोष मग यंत्राच्या जुनेपणाला किंवा कारागिराच्या हलगर्जीपणाला दिला जातो. खरे कारण नामपट्टीवरील दुसऱ्या आकड्यात, म्हणजे वारंवारतेत, असते. त्या कारणाचा उलगडा करणे आणि त्यावरील उपायांची मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुरवठ्यातील भेद

भारतात लघुदाब वीजपुरवठा ५० हर्ट्झ वारंवारतेचा असून एका फेजेला सुमारे २३० ते २४० व्होल्ट आणि तीन फेजांत सुमारे ४०० ते ४१५ व्होल्ट असा त्याचा दाब असतो. अमेरिकेत वारंवारता ६० हर्ट्झ आहे. तेथील घरगुती व लहान कर्मशाळांच्या पुरवठ्यात रोहित्राच्या गुंडाळीचा मध्यबिंदू भूमीशी जोडलेला असतो. त्यामुळे कोणत्याही एका तारेपासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट आणि दोन तारांमध्ये २४० व्होल्ट मिळतात. कारखान्यांतील तीन-फेज पुरवठा बहुधा २०८, २४० किंवा ४८० व्होल्टचा असतो. जपानमध्ये दाब १०० व तीन-फेज २०० व्होल्ट असून वारंवारतेच्या बाबतीत तो देशच दुभंगलेला आहे. टोकियोच्या वीज कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीची ५० हर्ट्झची जनित्रे घेतली, ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेची ६० हर्ट्झची घेतली, आणि तेव्हापासून पूर्व भागात एक व पश्चिम भागात दुसरी वारंवारता रूढ होऊन बसली.

यंत्र कोणत्या देशातून आले यावर प्रश्नाचे स्वरूप कसे अवलंबून असते, हे भारतीय तंत्रविज्ञान संस्थांच्या इतिहासावरून सहज कळून येईल. १९५८ साली मुंबईत पवई येथे स्थापन झालेल्या संस्थेस सोव्हिएट संघाचे साहाय्य लाभले. १९५९ सालच्या मद्रास येथील संस्थेस पश्चिम जर्मनीचे, दिल्लीच्या संस्थेस ब्रिटनचे आणि कानपूरच्या संस्थेस १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकन शिक्षणसंस्थांच्या संघाचे. यांपैकी ब्रिटनचा पुरवठा २४०/४१५ व्होल्ट व ५० हर्ट्झचा, म्हणजे भारतीय पुरवठ्यासारखाच होता. सोव्हिएट संघ व पश्चिम जर्मनी येथे ५० हर्ट्झ परंतु २२०/३८० व्होल्ट असा प्रघात होता. तेथील यंत्राच्या बाबतीत केवळ काही टक्के वाढीव दाबाचा विचार करावा लागतो. अमेरिकन यंत्राच्या बाबतीत मात्र दाब, वारंवारता आणि तारांची मांडणी या तिन्ही गोष्टी भिन्न असतात. म्हणून पुढील विवेचनात अमेरिकन यंत्र हेच मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

दाब आणि वारंवारता यांचे गुणोत्तर

प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या रोहित्राच्या अथवा मोटरच्या गुंडाळीवर दाब लावला, म्हणजे त्या दाबाला तोलून धरणारा विरोधी दाब गाभ्यातील बदलत्या चुंबकीय प्रवाहामुळे उत्पन्न होतो. त्याचे समीकरण सुपरिचित आहे :

दाब = ४.४४ × वारंवारता × वेढ्यांची संख्या × कमाल चुंबकीय प्रवाह

वेढ्यांची संख्या यंत्र बनले तेव्हाच ठरून गेलेली असते. म्हणून गाभ्यातील चुंबकीय प्रवाह हा केवळ दाबावर किंवा केवळ वारंवारतेवर अवलंबून न राहता त्या दोहोंच्या गुणोत्तरावर अवलंबून राहतो. दाब तोच ठेवून वारंवारता ६० वरून ५० वर आणली, तर चुंबकीय प्रवाह सहापंचमांश, म्हणजे २० टक्क्यांनी अधिक व्हावा लागतो. यंत्ररचनाकार लोखंडाचा उपयोग काटकसरीने करतात. गाभा संपृक्ततेच्या बांकाजवळच काम करील अशी त्याची योजना असते. त्या बांकापलीकडे चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढविण्यासाठी चुंबकनकारी विद्युत्प्रवाह २० टक्क्यांनी वाढून भागत नाही. तो दीडपट, दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. भार नसतानाच मोटर गुणगुणू लागते व तापते, आणि भार घेण्यापूर्वीच तिची उष्णता सोसण्याची क्षमता बरीचशी खर्ची पडलेली असते.

यावरून पहिला नियम निघतो : ६० हर्ट्झच्या यंत्रास ५० हर्ट्झवर चालवावयाचे असेल, तर त्याचा दाबही पाचषष्ठांश करावा. या नियमाने काही आकडे तपासून पाहिले असता उपयुक्त निष्कर्ष मिळतात. ४८० व्होल्टला ६० ने भागले असता ८ येतात. ४०० व्होल्टला ५० ने भागले असताही ८ च येतात. अर्थात अमेरिकेतील ४८० व्होल्टचा पुरवठा व ४०० व्होल्टचा भारतीय पुरवठा हे गाभ्याच्या दृष्टीने तुल्य आहेत. हा योगायोग असला तरी अतिशय सोयीचा आहे. याउलट २३० व्होल्टच्या एक-फेज मोटरसाठी ५० हर्ट्झवर योग्य दाब सुमारे १९२ व्होल्ट येतो. तिला पूर्ण २३० व्होल्ट देणे म्हणजे गाभ्यावर २० टक्क्यांचा अतिरिक्त बोजा टाकणे होय.

तीन-फेज मोटर

अमेरिकन कारखान्यांतील पुष्कळशा तीन-फेज मोटरींच्या नामपट्टीवर २३०/४६० व्होल्ट असे दोन दाब दिलेले असतात व जोडणीच्या पेटीत नऊ टोके बाहेर काढलेली असतात. प्रत्येक फेजेच्या गुंडाळीचे दोन भाग समांतर जोडले म्हणजे मोटर २३० व्होल्टला आणि एकसरीत जोडले म्हणजे ४६० व्होल्टला योग्य होते. भारतीय पुरवठ्यासाठी ४६० व्होल्टची जोडणी निवडावी. ४६० चे पाचषष्ठांश सुमारे ३८३ होतात. ४०० व्होल्टच्या पुरवठ्यावर चुंबकीय प्रवाह सुमारे ४ टक्के, तर ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ८ टक्के अधिक राहील. दाबातील १० टक्क्यांपर्यंतचा फरक सोसण्याची अपेक्षा अशा मोटरींकडून सामान्यतः केली जाते. म्हणून ही जोडणी बहुधा चालते.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लघुदाब पुरवठ्यात घोषित दाबापासून अधिक-उणे ६ टक्क्यांचा फरक विहित मर्यादेत धरला जातो. ४१५ व्होल्टचा पुरवठा वरच्या मर्यादेस पोहोचला म्हणजे तो ४४० व्होल्ट होतो आणि मग चुंबकीय प्रवाहाचे आधिक्य सुमारे १५ टक्क्यांवर जाते. ज्या कर्मशाळा वितरण-रोहित्राच्या अगदी जवळ आहेत, तेथे रात्रीच्या वेळी भार कमी झाला असता दाब चढतो. त्यामुळे जोडणी करण्यापूर्वी दिवसाच्या निरनिराळ्या वेळी दाब मोजून त्याची नोंद करणे हे काम वाटते तितके क्षुल्लक नाही.

ज्या मोटरीस केवळ २३० व्होल्टचीच त्रिकोणी जोडणी आहे, तिच्याबाबत एक फसवा मोह उत्पन्न होतो. त्रिकोणी जोडणीची मोटर तारा-जोडणीत बदलली असता तिचा योग्य दाब १.७३२ पट, म्हणजे सुमारे ३९८ व्होल्ट होतो आणि हा आकडा ४०० शी जुळतो. परंतु हे ३९८ व्होल्ट ६० हर्ट्झवरचे आहेत. ५० हर्ट्झवर योग्य दाब सुमारे ३३२ व्होल्ट इतकाच येतो. मूळची ५० हर्ट्झची मोटर असती तर ही युक्ती निर्दोष ठरली असती. ६० हर्ट्झच्या मोटरीस ती २० टक्के अतिसंपृक्त करते. अशा मोटरीसाठी दाब उतरविणारे तीन-फेज रोहित्र अथवा पुढे वर्णन केलेले वारंवारता-परिवर्तक साधन हाच योग्य मार्ग होय.

गती, शक्ती आणि भार

दाब योग्य प्रमाणात आणला म्हणजे मोटरचा टॉर्क पूर्ववत राहतो, परंतु गती राहत नाही. चार ध्रुवांच्या मोटरची समकालिक गती ६० हर्ट्झवर मिनिटाला १,८०० फेरे, तर ५० हर्ट्झवर १,५०० फेरे असते. भारावस्थेत १,७५० च्या ठिकाणी सुमारे १,४५० फेरे मिळतात. शक्ती ही टॉर्क व गती यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असल्यामुळे तीही पाचषष्ठांश होते. ६ अश्वशक्तीची मोटर ५ अश्वशक्तीची राहते. शिवाय मोटरच्या दांड्यावरील पंखाही मंद फिरतो आणि थंडावा देणारी हवा कमी मिळते. म्हणून कमी झालेल्या शक्तीच्या मर्यादेपर्यंतही मोटर सतत ताणू नये, हे इष्ट.

गेलेली गती परत मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोटरवरील पुलीचा व्यास सहापंचमांश करणे : १०० मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटर. याने स्पिंडलची मूळ गती परत मिळते, पण शक्ती परत मिळत नाही. यंत्राला पूर्वीइतकीच शक्ती लागत असेल, तर मोटरला २० टक्के अधिक टॉर्क द्यावा लागेल व ती अतिभारित होईल. म्हणून पुली बदलण्यापूर्वी त्या यंत्राला गती हवी आहे की नको, हा प्रश्न विचारला पाहिजे. लेथच्या बाबतीत गतीची पायरी गिअर-पेटीतून निवडता येते, आणि सर्व गती एकषष्ठांशाने कमी झाल्या तरी बहुतेक कामे अडत नाहीत. स्क्रूचे आटे पाडण्यात तर काहीच फरक पडत नाही; कारण लीड-स्क्रूस चालना स्पिंडलवरूनच दातचाकांद्वारा मिळते आणि त्या दोहोंच्या फेऱ्यांचे प्रमाण मोटरच्या गतीवर अवलंबून नसते.

भाराचे स्वरूपही पाहिले पाहिजे. शीतक द्रव फिरविणाऱ्या केंद्रोत्सारी पंपाचा प्रवाह पाचषष्ठांश, त्याने दिलेली उंची पंचवीस-छत्तिसांश आणि त्यास लागणारी शक्ती सुमारे ५८ टक्के होते. मोटर हलकी होते, मात्र द्रव हत्याराच्या टोकापर्यंत पुरेसा पोहोचतो की नाही ते पाहावे लागते. दातचाकी द्रवचालित पंपाचा प्रवाह घटतो, पण दाब झडपेने ठरविलेला असल्याने तोच राहतो; यंत्राच्या हालचाली तेवढ्या सावकाश होतात.

याच्या उलट दिशेचा प्रवास अधिक धोक्याचा आहे. ५० हर्ट्झसाठी बनलेला ग्राइंडर ६० हर्ट्झच्या देशात नेला, तर त्याची गती २० टक्क्यांनी वाढते आणि चाकावरील केंद्रोत्सारी ताण गतीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढतो. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८५० फेऱ्यांनी फिरत असता त्याच्या कडेची गती सेकंदाला सुमारे ३० मीटर असते. ३,४२० फेऱ्यांनी ती सुमारे ३६ मीटर होते. चाकावर छापलेली कमाल गती याहून कमी असेल, तर चाक फुटून त्याचे तुकडे कामगाराच्या अंगावर येऊ शकतात. परदेशी संस्थांना यंत्रे पुरविणाऱ्यांनी किंवा सोबत नेणाऱ्यांनी हा आकडा अवश्य तपासावा.

एक-फेज मोटर

लहान लेथ, पट्टी-करवत, बाकावरील ड्रिल यांना बहुधा कपॅसिटरने सुरू होणारी एक-फेज मोटर असते. अशा २३० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरसाठी सुमारे १९२ व्होल्ट हवेत. त्यासाठी सर्व भार वाहणारे मोठे रोहित्र घेण्याचे कारण नाही. ज्याची प्राथमिक गुंडाळी २३० व्होल्टची व द्वितीयक गुंडाळी ३६ व्होल्टची आहे असे लहान रोहित्र घेऊन द्वितीयक गुंडाळी पुरवठ्याच्या विरोधात एकसरीत जोडली, की १९४ व्होल्ट मिळतात. मोटर १२ अँपिअर घेत असेल, तर या रोहित्राची क्षमता ३६ गुणिले १२, म्हणजे सुमारे ४३० व्होल्ट-अँपिअर असली की पुरते. मोटर सुरू होताना अनेक पट प्रवाह घेते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून मोठे रोहित्र निवडणे शहाणपणाचे. द्वितीयक गुंडाळीची टोके चुकून उलटी जोडली गेली, तर दाब वजा होण्याऐवजी त्याची बेरीज होऊन २६६ व्होल्ट मिळतील. म्हणून मोटर जोडण्यापूर्वी मीटर लावून दाब पाहणे अनिवार्य आहे.

दाब सुधारल्यावर कपॅसिटरचा प्रश्न उरतो. वारंवारता कमी झाल्याने त्याचा अवरोध वाढतो, तर गुंडाळीचा प्रतिक्रियात्मक अवरोध घटतो. दाब पाचषष्ठांश केला असताना पूर्वीइतकाच प्रवाह राखण्यासाठी कपॅसिटरचा अवरोधही पाचषष्ठांश व्हावा लागतो. हिशेब केला असता धारकता १.२ गुणिले १.२, म्हणजे १.४४ पट असावी असे निघते. १०० मायक्रोफॅरडच्या जागी सुमारे १४४ मायक्रोफॅरड हवेत. गुंडाळीचा रोध वारंवारतेने बदलत नसल्यामुळे हे गणित स्थूलमानाचे आहे; अंतिम मूल्य प्रवाह मोजून ठरवावे.

याहूनही दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे केंद्रोत्सारी स्विच. समकालिक गतीच्या सुमारे तीन-चतुर्थांश गतीला तो उघडून प्रारंभीची गुंडाळी वगळतो. १,८०० फेऱ्यांच्या मोटरीत ही गती १,३५० येते. तीच मोटर ५० हर्ट्झवर चालविली असता १,३५० फेरे म्हणजे नव्या समकालिक गतीचे ९० टक्के होतात. बिनभाराने सुरू झालेली मोटर ही गती ओलांडते. परंतु पट्टा घट्ट असेल, वंगण थिजलेले असेल किंवा दाब पडलेला असेल, तर ती त्या गतीच्या अलीकडेच रेंगाळते, स्विच उघडत नाही आणि केवळ काही सेकंदांसाठी योजलेली गुंडाळी सतत प्रवाह वाहत राहून जळते. स्विच उघडल्याचा आवाज प्रत्येक प्रारंभी स्पष्ट ऐकू येतो किंवा नाही, याकडे चालकाने लक्ष ठेवावे. अशा मोटरींचा विचार करता, पुष्कळदा मूळ मोटर काढून तेवढ्याच शक्तीची भारतीय मोटर बसविणे हाच स्वस्त व निर्धोक उपाय ठरतो. त्यात अडचण येते ती दांड्याचा व्यास, चावीचा खाचा आणि पायाची भोके यांची. कारण अमेरिकन मोटरींची मापे इंचांत व वेगळ्या मानकानुसार असतात.

हातातील ड्रिल व तत्सम साधनांच्या मोटरी कम्यूटेटर असलेल्या एकसरी प्रकारच्या असतात. त्यांची गती वारंवारतेशी बांधलेली नसल्याने १२० व्होल्टची सोय केली की पुरते. मात्र साधन हातात धरावयाचे असल्याने दाब उतरविण्यासाठी दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचे रोहित्र वापरावे. एकाच गुंडाळीचे स्वयंरोहित्र स्वस्त पडते, पण त्याची समाईक तार तुटली तर साधनाच्या टोकांवर भूमीच्या अपेक्षेने पूर्ण २३० व्होल्ट येतात.

नियंत्रणाची साधने, तापक आणि वेल्डिंग

यंत्राच्या नियंत्रण-पेटीत बहुधा ४८० व्होल्टचे १२० व्होल्ट करणारे लहान रोहित्र असते. ते ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झवर जोडले असता १०० व्होल्ट देते. ४१५ व्होल्टवर सुमारे १०४ व्होल्ट. काँटॅक्टरची १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची गुंडाळी ५० हर्ट्झवर १०० व्होल्टनेच योग्य रीतीने ओढली जाते. कित्येक गुंडाळ्यांवर '५० हर्ट्झला ११० व्होल्ट, ६० हर्ट्झला १२० व्होल्ट' असा दुहेरी उल्लेखही आढळतो. म्हणजे दाब कमी भासला तरी तो मुद्दाम वाढवून १२० करू नये. त्याच पेटीतील दिवा मात्र थोडा मंद जळेल. अतिभार-रोधकाची मांडणी नामपट्टीवरील मूळ प्रवाहाइतकीच ठेवावी. टॉर्क तोच असता प्रवाहही जवळजवळ तोच राहतो.

समकालिक मोटरवर चालणारे काल-नियंत्रक ५० हर्ट्झवर मंद चालतात : एका मिनिटासाठी लावलेला नियंत्रक ७२ सेकंद घेतो. उष्णोपचाराच्या भट्टीला असा नियंत्रक असेल, तर ही चूक नमुन्याच्या गुणधर्मांत उतरेल व संशोधनाचे निष्कर्षच बाधित करील. भारतीय जाळ्याची वारंवारता आज पुरेशी स्थिर असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभाग जोडला जाऊन संपूर्ण देशाचे जाळे एका वारंवारतेवर आले, आणि २०१४ पासून ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा विहित आहे. त्यामुळे ६:५ हे प्रमाण गृहीत धरून सुधारणा करता येते.

रोधावर चालणाऱ्या तापकांना वारंवारतेशी कर्तव्य नसते. त्यांची शक्ती दाबाच्या वर्गावर अवलंबून असते. २४० व्होल्टचा तापक २३० व्होल्टवर सुमारे ९२ टक्के शक्ती देईल. पण १२० व्होल्टचा तापक चुकून २३० वर जोडला गेला, तर तो सुमारे ३.७ पट शक्ती घेऊन काही क्षणांत जळेल. रोहित्रावर चालणाऱ्या वेल्डिंग संचास दोन्ही बाजूंनी त्रास होतो : २३० व्होल्ट तसेच दिल्यास गाभा संपृक्त होतो, शिवाय प्रवाह मर्यादित ठेवणारा गळतीचा अवरोध घटल्याने मापकावर दाखविलेल्यापेक्षा जास्त प्रवाह मिळतो. दाब उतरवून तो चालविता येतो, परंतु त्याची मापकपट्टी पुन्हा पडताळून घ्यावी लागते.

वारंवारता बदलण्याचे उपाय

वारंवारताच बदलून देणे हा मूलगामी उपाय होय. त्याचा जुना प्रकार म्हणजे एकाच दांड्यावरील मोटर व जनित्र. दहा ध्रुवांची समकालिक मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला ६०० फेरे घेते. तिच्याशी जोडलेले बारा ध्रुवांचे जनित्र तेवढ्याच फेऱ्यांत नेमके ६० हर्ट्झ देते. असा संच महाग व अवजड असतो, परंतु एका कर्मशाळेतील सर्व परदेशी यंत्रांना त्यावरून मूळ पुरवठा मिळू शकतो. फार मोठ्या प्रमाणावर हेच काम आज स्थिर परिवर्तक करतात. जपानमधील साकुमा येथील परिवर्तक केंद्र १९६५ मध्ये सुरू झाले. तथापि २०११ च्या भूकंपानंतर पूर्व भागात विजेची तीव्र टंचाई भासली, तेव्हा दोन भागांना जोडणाऱ्या सर्व परिवर्तकांची मिळून क्षमता सुमारे १,००० मेगावॅटच होती आणि पश्चिमेकडील वीज पूर्वेस पुरेशी देता आली नाही. दोन वारंवारतांची किंमत किती असते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. ज्यांनी ती वेळीच ओळखली त्यांनी एकदाच खर्च सोसला : दक्षिण कॅलिफोर्नियाने १९४८ मध्ये ५० वरून ६० हर्ट्झवर स्थलांतर केले आणि कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांताने १९४९ पासून पुढील दशकात २५ हर्ट्झचा पुरवठा बदलून ६० हर्ट्झचा केला.

एकेका यंत्रापुरता आजचा सोयीचा मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक वारंवारता-परिवर्तक, ज्यास कर्मशाळेत सर्रास 'ड्राइव्ह' म्हणतात. तो पुरवठा प्रथम एकदिश करतो व त्यापासून हव्या त्या वारंवारतेचा तीन-फेज पुरवठा घडवितो. २३०/४६० व्होल्टची मोटर २३० व्होल्टच्या जोडणीत बांधून, एक-फेज २३० व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हकडून तिला २३० व्होल्ट व ६० हर्ट्झ दिले, तर मोटरला मूळची गती, मूळची शक्ती व मूळचा थंडावा हे सर्व परत मिळते. लहान यंत्रांसाठी हा उत्तम तोडगा आहे. ४६० व्होल्टच्या जोडणीत मात्र तसे होत नाही. ४०० व्होल्टवर चालणारा ड्राइव्ह ४०० हून अधिक दाब देऊ शकत नाही. ६० हर्ट्झवर चुंबकीय प्रवाह ८७ टक्के व कमाल टॉर्क सुमारे ७६ टक्केच उरतो.

ड्राइव्हच्याही मर्यादा आहेत. त्याच्या बाहेर पडणारा दाब तुकड्यातुकड्यांचा असल्याने त्यावर नियंत्रण-रोहित्र, काँटॅक्टर किंवा दिवे चालवू नयेत. त्यांना वेगळा पुरवठा द्यावा. कपॅसिटर असलेली एक-फेज मोटर साध्या ड्राइव्हवर चालत नाही. ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये स्विच ठेवून मोटर चालू असताना तो उघडणे ड्राइव्हला अपायकारक असते. म्हणून यंत्राची सुरू-बंद बटणे ड्राइव्हच्या नियंत्रक टोकांना जोडावी लागतात.

तारा, रंग आणि भूसंपर्क

आतापर्यंतच्या चुकांत यंत्राचे नुकसान होते. तारांच्या चुकीत माणसाचा जीव जातो. अमेरिकन यंत्रात काळी तार विद्युत्भारित आणि पांढरी तार न्यूट्रल असते. भारतीय प्रघातात लाल, पिवळी व निळी या फेजा असून काळी तार न्यूट्रल असते. म्हणजे एकच काळी तार एका देशात निर्धोक समजली जाते, तर दुसऱ्या देशात तीच प्राणघातक असते. युरोपातील प्रचलित संकेतात निळी तार न्यूट्रल आहे, तर भारतात निळी ही एक फेज आहे. हिरवी तार भूसंपर्काची, एवढ्याच बाबतीत या सर्वांचे एकमत आहे. म्हणून रंगावर विसंबून जोडणी कदापि करू नये. यंत्राचा मंडल-आराखडा व परीक्षण-मीटर यांवर विसंबावे आणि प्रत्येक तारेच्या टोकास भारतीय संकेताची खूण लावावी.

अमेरिकन २४० व्होल्टच्या यंत्रात दोन्ही तारा भारित असतात. भारतात त्यांपैकी एक फेज व एक न्यूट्रल होते. यंत्रात १२० व्होल्टचा दिवा किंवा नियंत्रण असल्यास त्याला तेथील चौथ्या, न्यूट्रल तारेची अपेक्षा असते. ती तार येथील न्यूट्रलला जोडल्यास त्या भागास १२० व्होल्ट मिळणार नाहीत. जोडणीप्रमाणे एक तर पूर्ण २३० व्होल्ट मिळतील किंवा काहीच मिळणार नाही. अशा भागासाठी स्वतंत्र लहान रोहित्र बसवावे.

मोटरच्या लोखंडी देहास दोन स्वतंत्र भूसंपर्क देण्याचे बंधन १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत होते. परदेशी यंत्रास बहुधा एकाच भूसंपर्काची सोय असते, म्हणून दुसरा बोल्ट बसवून घ्यावा. तीन-फेज मोटर उलट फिरत असल्यास कोणत्याही दोन फेजा आपसांत बदलाव्या. मात्र ही चाचणी चक काढून घ्यावी. ज्या लेथचा चक आट्यांनी बसविलेला असतो, तो उलट फिरताना सुटून गरगरत बाहेर येऊ शकतो.

उपसंहार

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील क्रम थोडक्यात असा : प्रथम प्रत्येक घटकाची नामपट्टी स्वतंत्रपणे वाचावी, कारण एकाच यंत्रात मोटर एका पुरवठ्याची आणि नियंत्रण-पेटी दुसऱ्या पुरवठ्याची असू शकते. नंतर दाब व वारंवारता यांचे गुणोत्तर काढून ते कर्मशाळेत मोजलेल्या दाबाशी ताडून पाहावे. पुढे यंत्राला मूळ गतीची खरोखर गरज आहे काय ते ठरवावे आणि त्यावरून जोडणी-बदल, रोहित्र, ड्राइव्ह किंवा नवी मोटर यांपैकी एक उपाय निवडावा. अखेरीस बिनभाराने चालवून प्रवाह मोजावा, पूर्ण भारावर तासभर चालवून तापमान पाहावे आणि मगच यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे.

एक काम यानंतरही उरते आणि तेच बहुधा राहून जाते. मूळ नामपट्टीशेजारी दुसरी पट्टी बसवून तीवर नवा दाब, नवी वारंवारता, कमी झालेली शक्ती, बदललेल्या पुलीचा व्यास व कपॅसिटरचे मूल्य कोरून ठेवावे. कर्मशाळेतील यंत्र तीस-चाळीस वर्षे टिकते. त्याचे रूपांतर करणारा तंत्रज्ञ तितका काळ तेथे नसतो. मूळ पट्टीवर विश्वासून पुढे कोणी १०० मिलिमीटरची पुली परत बसवील, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालील किंवा १९४ व्होल्ट देणारे रोहित्र निरर्थक समजून काढून टाकील. रूपांतर यशस्वी झाले असे त्या दुसऱ्या पट्टीनंतरच म्हणता येते.